इतिहासाच्या रकान्यात दीड ओळ

कर्जत, ३ मार्च २०२५

दीप्ती,

जयभीम. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो तू धरून चाल, माझा हात आज लिहायला तयार नाही.

मागल्या सोमवारी तू आमच्या शाळेत तपासणीला आलीस. पांढरी जीप, तू आणि दोन साहेब. मी मागच्या शेडमध्ये तांदूळ निवडत बसले होते. तू दारात उभी राहिलीस. शेगडी बघितलीस, धान्याच्या कोठीचं झाकण उचलून आत वाकलीस आणि वहीत काहीतरी लिहिलंस. मग माझ्याकडे बघितलंस, तेही शेगडीकडे बघावं तसंच. उंच साहेबांनी विचारलं, "स्वयंपाकी मदतनीस ह्याच का?" तू म्हणालीस, "हो, ह्याच." साहेबांसमोर आई म्हणायला जड गेलं असेल, ते मी समजू शकते. पण पोरं भात खायला बसली होती आणि तू त्यांची नुसती डोकी मोजलीस. सतरा. ज्या शाळेत तू चौथीपर्यंत शिकलीस तिथल्या एका पोराशी चार शब्द बोलावेसे तुला वाटले नाहीत, ते मात्र मला समजत नाही.

शनिवारी फाटकावर नोटीस लागली. पट वीसच्या खाली, म्हणून शाळा बंद करून सगळी पोरं चौक गावाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालायची. कुणाची हरकत असेल तर अठ्ठावीस मार्चला अकरा वाजता तालुक्याच्या ऑफिसात येऊन सांगावी. हर्षलाबाईंनी मला तुझा अहवाल वाचायला दिला. मुख्याध्यापिका असून त्यांनी तो स्वतः वाचायच्या आधी मला दिला, हे मुद्दाम सांगते, कारण त्यांच्याबद्दल तुझं मत मला माहीत आहे.

अहवाल बारा पानांचा. शौचालयाला अर्धं पान, विजेच्या मीटरला पाव. आणि 'शाळेचा इतिहास' या रकान्यात दीड ओळ. "शाळा जुनी असून इमारत ब्रिटिशकालीन आहे. विशेष उल्लेखनीय काही नाही."

मी शाळेत गेलेली बाई नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुझे बाबा त्या शाळेचे शिपाई, मी वर्ग झाडायला मदतीला जायची आणि फळा पुसण्याआधी त्यावर राहिलेलं वाचायची. अशी मी शिकले, रोज एक फळा. तुला पहिलीत घातलं तेव्हा मी दुसरीत होते म्हण. त्यामुळे 'विशेष उल्लेखनीय' म्हणजे काय ते मला कळतं. काही नाही, असं लिहिणाऱ्या माणसानं निदान विचारायला तरी हवं होतं. विचारायला तू लांब जायची गरज नव्हती, मी तीन हातांवर तांदूळ निवडत होते.

सातव्या पानावर लिहिलंय की २०२१ मध्ये एका निवृत्त शिपायाचा या छतावरून पडून मृत्यू झाला, मुख्याध्यापिकेने त्याच्याकडून विनापरवानगी काम करून घेतले होते, म्हणून इमारत आणि व्यवस्थापन दोन्ही धोकादायक. त्यावर मी आज लिहिणार नाही.

बाबा गेले, त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी तू सांगून गेलीस, की जोवर मी त्या शाळेत भात शिजवते तोवर तू या घराचा उंबरा चढणार नाहीस. चार वर्षं होत आली. फोन तू उचलत नाहीस. पत्र तरी अलिबागच्या तुझ्या टेबलावर पडेल, कचऱ्यात टाकायच्या आधी तुला ते हातात घ्यावं लागेल.

आई


कर्जत, १० मार्च २०२५

दीप्ती,

उत्तर नाही. चालेल. रकाना रिकामा राहिला तो मी भरते.

ही शाळा इमारतीच्या आधीची आहे. १८७४ साली स्टेशनामागच्या धर्मशाळेत अकरा मुलांवर सुरू झाली. रेल्वेच्या बाबूंची आणि दुकानदारांची मुलं. १८९१ साली आताची इमारत उठली. दगड इथल्याच कोंडाणे गावाजवळच्या खाणीतला, कौलं आगगाडीनं आलेली. १९०९ साली पहिल्या तीन मुली आल्या. त्यांना मास्तरांच्या पाठीमागे बसवायचे, म्हणजे मुलांना त्या दिसू नयेत. मास्तर तासात दोनदा वळून त्यांच्याकडे बघून शिकवायचे, बाकीचा वेळ त्या मास्तरांच्या पगडीकडे बघून शिकायच्या. त्यातली एक पुढे याच शाळेत मास्तरीण झाली.

१९४३ साली तुझा आजा, बुधाजी, दाखल झाला. त्याच्या नावासमोर शेरा आहे, 'ओटीवर बसेल'. आपली चार मुलं ओटीवर बसायची आणि खिडकीतून शिकायची. खिडकीतून फळ्याचा उजवा अर्धाच दिसायचा. त्यामुळे मामंजींना पाढ्यांची उत्तरं सगळी पाठ, पण कशाची ते विचारायचं नाही. म्हातारपणीसुद्धा त्रेसष्ट म्हणायचे आणि सात नव्वे आपण शोधायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. मी आता हसत नाही. सहा वर्षांच्या पोराला अर्धा फळा दाखवणाऱ्या माणसांना त्यात काही चुकतंय असं चार वर्षांत एकदाही वाटलं नाही.

१९४७ च्या जूनमध्ये कडावचे एक मास्तर बदलून आले. त्यांनी पहिल्याच दिवशी ओटीवर येऊन चौघांना आत बोलावलं. तिघं गेले. मामंजींना वाटलं, आत घेऊन मारणार. ते दिवसभर उंबऱ्यावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आत गेले ते थेट डाव्या भिंतीशी जाऊन बसले, राहिलेला अर्धा फळा बघायला.

आणि हेही लिहून ठेव. आत बसायला बंदी होती तेव्हाही दर वर्षी मे महिन्यात शाळेच्या छपरावर चढायची आपलीच माणसं. कौलं काढायची, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. छपराला विटाळ नव्हता. नंतर सगळ्या जातींची जुनी पोरं शाकारणीला यायला लागली, मेच्या दुसऱ्या रविवारी, जोड्या करून. एक वरचा, एक खालचा. कौलांखालचा वासा वरच्याला दिसत नाही, म्हणून खालचा वर्गात उभा राहून बांबूनं चांगला वासा ठोकायचा आणि वरचा त्याच जागी पाय द्यायचा. वाळवी लागलेला वासा खालच्याला माहीत असायचा. म्हणून खालचा नेहमी वयानं मोठा, डोकं जागेवर असलेला माणूस. दुपारी सगळ्यांना भाकरी आणि सुकटीचं कालवण, ते मी करायची.

तुझे बाबा १९६३ साली दाखल झाले. धर्मांतरानंतर आपल्या बौद्धवाड्यात ठेवलेलं पहिलं नवं नाव, कपिल. जन्मतारीख एक जून. वाड्यातल्या एकोणीस जणांची तीच आहे, शाळा उघडते त्या सुमाराला सहा पुरी व्हावीत म्हणून मास्तरांनी दिलेली. २००५ च्या पुरात आपला वाडा चार दिवस त्याच तीन खोल्यांत राहिला, तेव्हा तू बारावी होऊन घरी बसली होतीस आणि पोरांना गाणी शिकवत होतीस. तेही उल्लेखनीय नाही का?

परवा चहाच्या टपरीवर कमलेश भेटला. जागांचे व्यवहार करतो हल्ली, शाळेच्या जागेवर त्याचा डोळा आहे हे गावाला ठाऊक आहे. म्हणाला, "मावशी, पोरं नायत तं शाळा कशाला पायजे? आठवणींना काय वर्गात बसवायचं हाय?" मी म्हटलं, "कमळ्या, तिसरीत तू दोन वर्षं बसलास ती खोली तरी ठेव रं. तुझ्या नावाची पाटी लावू." लोक हसले. तोही हसला आणि माझ्या चहाचे पैसे देऊन गेला. अशा माणसाशी भांडता येत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

आई


कर्जत, १९ मार्च २०२५

दीप्ती,

तुझा निरोप फोनवर आला. तीन ओळी. 'इतिहास वाचला. सन, शेरे, जन्मतारखा एवढं तुला कुठून माहीत? जुनं रजिस्टर तर तिसऱ्या खोलीतल्या कपाटात बंद असतं. आणि दोन पत्रांत बाबांबद्दल त्यांच्या जन्मतारखेपलीकडे काही नाही.'

पहिल्यांदा मला रागच आला. ऑफिसरनं शिपायाला विचारावं तसा प्रश्न. मी दोन पानं लिहिली, की मी त्या शाळेत चाळीस वर्षं वावरलेली बाई, मला माहीत नसेल तर कुणाला. ती पानं फाडली. मग परत लिहिली, परत फाडली. आज तिसरी खेप. मध्ये उठणार नाही.

ते रजिस्टर मी एकदाच वाचलं. १९ मे २०२१ ला.

दोन दिवसांपूर्वी तौक्ते वादळ होऊन गेलं होतं. तिसऱ्या खोलीची कौलं सरकून पाणी नेमकं कपाटावर पडत होतं. लॉकडाऊन होता, माणसं गोळा करायला बंदी. त्या वर्षी शाकारणी झालीच नव्हती. तुझ्या बाबांनी हर्षलाबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, दादा, तुम्ही चढू नका, कपाट भिजू दे, पाऊस उघडला की माणसं बघू. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, फोन मोठ्यानं बोलत होता. बाबा म्हणाले, "बाई नको म्हणतात." मी म्हटलं, "शंभर वर्षांचे कागद हायत ते. तुमी चढा. मी खाली हाय."

ते चौसष्टीला आले होते, दीप्ती. मी चढवलं.

मी खालून बांबूनं वासे ठोकत होते आणि ते एक एक पाऊल पुढे येत होते. निम्मं छप्पर झालं. कपाट आम्ही आधीच उघडलं होतं, ओली रजिस्टरं बाकावर पसरली होती. बांबू हातात असताना माझी नजर त्यांच्यावर गेली. पानं चिकटलेली होती, बोटानं सोडवली तर आत तीन मुलींची नावं. आणखी सोडवली. मामंजींचं नाव निघालं. शेरा वाचला. इतकी वर्षं हसण्यावारी नेलेली गोष्ट तिथं शाईनं लिहिलेली होती. मी बांबू भिंतीला टेकवला आणि पुढची पानं सोडवायला लागले. यांचं नाव शोधत होते. सापडलंही.

वरून त्यांनी विचारलं, "येसू, ठोकलं का गं?"

मी म्हटलं, "हां."

ठोकलं नव्हतं. मी वाचत होते. त्यांनी पाय दिला.

पनवेलला पोचायच्या आत ते गेले. तू संध्याकाळी आलीस आणि दारातच विचारलंस, कोणी चढवलं बाबांना. हर्षलाबाई मास्क लावून ओट्याशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट केलं. म्हटलं, बाईंनी सांगितलं. त्यांनी ऐकलं. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे तू अर्ज केलास, त्यांची चौकशी लागली, केंद्रप्रमुखाची जागा हातची गेली. मी वर्षभरानं विचारलं, बाई, तुम्ही का गप्प राहिलात. म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी नवरा गेला तुमचा. मी बोलले असते तर लेकपण गेली असती." लेक गेलीच. पण ते त्यांना कुठं माहीत होतं.

तुला वाटलं, मी शाळेच्या प्रेमापायी तिथं भात शिजवत राहिले, बाबांपेक्षा शाळा मोठी मानली. तसं नाही. घरात बसलं की मला तो प्रश्न वरून ऐकू येतो. शाळेत अकरा वाजता सतरा पोरांना भूक लागते, तेव्हा दुसरं काही ऐकायला सवड नसते.

तुझा शाळेवरचा राग मी तयार केला. त्याच रागातून तू सातवं पान लिहिलंस. आणि मी तुलाच पहिल्या पत्रात विचारत होते, की विचारलं का नाहीस.

आई


कर्जत, २५ मार्च २०२५

दीप्ती,

निरोप नाही, फोन नाही. मी वाटही बघत नाही असं खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते की बघते.

हर्षलाबाईंना सांगितलं, तुला सगळं कळवलंय. त्या माझ्यावर भडकल्या. म्हणाल्या, मला विचारलंत का, चार वर्षं मी सोसलं ते काय तुम्ही आता पोस्टानं पाठवावं म्हणून? मग चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि सगळ्यांना लाल शाईनं झोडलं. जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच्या घरून माझ्यासाठी कैरीची चटणी घेऊन आल्या. तरी बोलल्या नाहीत.

शुक्रवारी मी ऑफिसात येणार आहे आणि हे सगळं मोठ्यानं सांगणार आहे. तू टेबलापलीकडे असशील. आधी कळवते, म्हणजे चार लोकांत तुझा चेहरा पडायला नको. शाळा बंद करायची तर खऱ्या कारणासाठी करा. तुझ्या बाबांच्या मरणाचा खोटा ठपका मी तिच्यावर ठेवू देणार नाही.

आई


कर्जत, ३० मार्च २०२५

दीप्ती,

शुक्रवारी तू मला विचारलंस, "आपलं नाव सांगा." मी सांगितलं, येसूबाई कपिल ओव्हाळ. उंच साहेबांनी तुझ्यासमोरची नावाची पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. तू मान वर केली नाहीस. मी सांगत होते तोवर तुझं पेन कागदावर होतं, पण चालत नव्हतं. साहेबांनी विचारलं, बाई, हे चार वर्षं का नाही सांगितलं. मी म्हटलं, "माझी लेक ऐकेल म्हणून."

तेव्हा तू बोललीस. पान सातचा मुद्दा मागे घेते, मुख्याध्यापिकांवरचा शेरा चुकीचा होता, तसं लेखी देते. हर्षलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, नुसत्या ताठ बसल्या. आणि लगेच तू म्हणालीस, "बाकी अहवाल कायम."

मला उभ्या उभ्या कापल्यासारखं झालं. मी काय समजून आले होते? की मी खरं बोलले की शाळा वाचेल? तुझा पट सतराचा सतराच. कौलं सरकलेली ती सरकलेलीच. माझ्या सांगण्यानं त्यातलं काही बदलत नव्हतं, आणि तू ते बदललं नाहीस. घरी येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात खूप बोलले. आज जरा कमी बोलते. आईच्या तोंडाकडे बघून तू अहवाल फिरवला असतास, तर सातवं पान रागानं लिहिणारी आणि हे मायेनं लिहिणारी तू एकच, असं मला म्हणावं लागलं असतं.

पण शकूनं जे विचारलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि तुझ्याही नाही. ठाकुरवाडीकडची ती, वीटभट्टीवर कामाला असते. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली होती. तिला कागद वाचता येत नाही, म्हणून तिनं साहेबांनाच वाचायला लावला. अंतर सहाशे मीटर, असं त्यांनी वाचलं.

"सायेब, ते कावळ्याचं सहाशे हाय," ती म्हणाली. "आमची पोरं उडत नाय. चौक रस्त्याला डंपर थांबत नाय. पोरांची डोकी मोजली तुमी, रस्ता मोजला का?"

साहेब हसले. मग हसायचे थांबले, कारण तुमच्यापैकी कुणीच तो रस्ता चाललं नव्हतं. तू खरं सांगितलंस, की नकाशावरून घेतलं. मग ठरलं, की पाच एप्रिलला, शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळेला तू पोरांबरोबर चालत जाऊन अंतर आणि रस्ता बघायचा आणि पुन्हा लिहून द्यायचं. तोवर निकाल राखून ठेवला.

बाहेर बदामाच्या झाडाखाली तू मला गाठलंस. म्हणालीस, "चार वर्षं मी हर्षलाबाईंना फोनवर काय काय बोलले, माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, "हो. मी बाजूला भाजी चिरत असायची."

तू माझ्याकडे असं बघितलंस की शुक्रवारपासून मला दुसरं काही दिसत नाही. तू मारलं असतंस तरी चाललं असतं. तू जीपमध्ये बसलीस. बरं केलंस. त्या वेळी तुला थांबवायचा हक्क मला नव्हता.

शनिवारी मी तुझ्याबरोबर येणार नाही. तुझ्या मोजण्यात माझं पाऊल नको. हर्षलाबाई असतील, शकू असेल. शकूची रिया दुसरीत आहे, रस्ता आला की जवळच्या मोठ्या माणसाचा हात धरते आणि घट्ट धरते. सोडवून घेऊ नकोस, लिहायचं ते पलीकडे पोचल्यावर लिही.

डंपर थांबले तर थांबले लिही. नाही थांबले तर नाही लिही. शाळा राहावी म्हणून एक पाऊल वाढवू नकोस, आणि माझ्यावरच्या रागानं एकही कमी करू नकोस. निकाल काहीही लागो, मी तुला जाब विचारणार नाही. इतकी वर्षं विचारायचं काम मी केलं. आता तू विचार. जेव्हा येशील, जिथं म्हणशील तिथं, एक एक करून विचार. मी हातातलं काम खाली ठेवून उत्तर देईन.

आई